वडीलपदाच्या आड: एका विवाहबाह्य संबंधाचे प्रकरण

नवऱ्याचे वय ४४, लग्नाला १६ वर्षे झालेली, दोन मुले. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तो नऊ वर्षे वडील, म्हणजे कारभार पाहणारा जबाबदार ज्येष्ठ, होता. दर गुरुवारी त्याच्या घरी पवित्र शास्त्राचा (बायबलचा) अभ्यास चाले. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी वर्षातून दोनदा सहा आठवड्यांचा वर्ग असे, तोही तोच घेई. याच काळात १४ महिने त्याचे गायकवृंदातल्या एका स्त्रीशी शरीरसंबंध होते. तिचा संसार मोडत होता आणि ती मुळात त्याच्याकडे आली ती प्रार्थना आणि सल्ला मागायला.

पत्नीला कळले ते घरातल्या टॅबलेटवर झळकलेल्या एका निरोपावरून. तिने विचारले तेव्हा उत्तर आले, ‘फक्त बोलणे व्हायचे.’ चौथ्या दिवशी ती पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेली.

या प्रकरणातली माणसे कोणी एक खरी माणसे नाहीत. वेगवेगळ्या मंडळ्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका घरात आणून मांडल्या आहेत.

पडदा कसा टिकला

अशा प्रकरणात दोन पापे वेगवेगळी मोजण्याची सवय असते: एक व्यभिचार, दुसरे ढोंग. हिशेब तसा मांडला की हाताळणी चुकते. या घरात व्यभिचार १४ महिने टिकला तो ढोंगाच्या जोरावर. सेवा हीच त्याची सबब होती, वेळ होती आणि संरक्षणही होते.

आधी वेळेचे बघू. ‘एका कुटुंबाला भेटून येतो, नाव सांगता येणार नाही’ हे वाक्य वडिलाच्या तोंडी शोभते. दुसऱ्यांची दुःखे गुप्त ठेवणे हा त्याच्या सेवेचा भागच असल्यामुळे पत्नीने पुढे विचारले तर तीच चोंबडी ठरते. दुसऱ्या कोणत्याही नोकरीधंद्यात इतकी पक्की सबब मिळत नाही. त्या १४ महिन्यांत त्याने नोंदवलेल्या घरभेटी आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ दुप्पट होत्या. मंडळीच्या वार्षिक सभेत त्याबद्दल त्याचे कौतुक झाले.

दुसरी गोष्ट त्याच्या कडकपणाची. त्याच वर्षी लग्नाआधी दिवस गेलेल्या एका तरुण जोडप्याचा प्रश्न वडीलमंडळापुढे आला. त्यांना सर्वांसमोर उभे करावे असा आग्रह यानेच धरला होता. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायातला यहूदा इथे आठवतो. सून तामार गर्भवती आहे हे कळताच तो म्हणतो, तिला बाहेर काढा आणि जाळा. मग ज्याच्यापासून ती गर्भवती आहे त्याने तिच्याकडे तारण ठेवलेली मुद्रा, दोरा आणि काठी पुढे येतात. तिन्ही त्याचीच असतात. कडक बोलणारा प्रत्येक माणूस लपवत असतो असे मात्र यावरून मुळीच ठरत नाही, आणि तसा संशय घेत सुटणारी मंडळी लवकरच गप्पांचा अड्डा होते. लक्ष ठेवायचे ते एकाच ठिकाणी: दुसऱ्याच्या पापावर तावातावाने बोलणारा माणूस स्वतःच्या दिनक्रमाचा हिशेब कोणाला देतो का? हा कोणालाच देत नव्हता.

तिसरी गोष्ट समजायला सर्वांत अवघड, आणि इथेच हे प्रकरण पाहणारी मंडळीची समिती फसली. त्याची भक्ती सगळी नाटकी नव्हती. तो आठवड्यातून दोन दिवस उपास करत होता, दशमांशापेक्षा (उत्पन्नाच्या दहाव्या भागापेक्षा) जास्त दान देत होता, प्रार्थनेत खरोखर रडत होता. एका बाजूला साठत जाणारे पाप दुसऱ्या बाजूला भक्ती वाढवून फेडायचे, असा हिशेब त्याच्या मनात चालू होता. नीतिसूत्रांच्या सातव्या अध्यायातली स्त्री तरुणाला घरी बोलावताना आधी हेच सांगते की, आज मी शांत्यर्पणाचे यज्ञ केले, नवस फेडले. लेवीय या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे नवसाच्या यज्ञाचे मांस त्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी खायचे असे. म्हणजे घरात मेजवानी आहे ती यज्ञामुळेच, आणि पापाचे आमंत्रण त्याच मेजवानीचे. मलाखी संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातले पुरुष परमेश्वराची वेदी अश्रूंनी भिजवतात आणि विचारतात, आमचे अर्पण का स्वीकारले जात नाही? उत्तर मिळते की, तुझ्या आणि तुझ्या तारुण्यातल्या पत्नीच्या मध्ये परमेश्वर साक्षी होता आणि तू तिचा विश्वासघात केलास. ते अश्रू खोटे होते असे संदेष्टा कुठेही म्हणत नाही. म्हणून अश्रू पाहून पश्चात्ताप ठरवता येत नाही.

पहिली हाताळणी

पाळक चांगले गृहस्थ, पण घाबरले. पहिल्या भेटीत त्यांनी पत्नीला सांगितले, ‘ताई, कोणाला बोलू नका, प्रार्थना करा, आणि मत्तय १८ प्रमाणे आधी तुम्ही एकट्याने त्यांच्याशी बोला.’

मत्तय १८:१५ ते १७ मधली पायरी अशी: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. पण ही पत्नी एकांतात आधीच बोलली होती आणि तिला खोटे उत्तर मिळाले होते. पहिली पायरी तिथेच संपली होती. शिवाय आरोप वडिलावर असेल तर १ तीमथ्य ५:१९ ते २१ लागू होते: दोनतीन साक्षीदार असल्याशिवाय आरोप घेऊ नये, पाप करत राहणाऱ्यांना सर्वांदेखत दोष द्यावा, आणि पक्षपात करू नये. समितीने यातला फक्त पहिला तुकडा उचलला. ‘साक्षीदार कुठे आहेत?’ व्यभिचाराला प्रत्यक्ष साक्षीदार जवळजवळ कधीच नसतो. दोन साक्षीदारांचा नियम अनुवाद १९:१५ मधून आलेला आहे, आणि त्याच अध्यायात न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी असेही आहे. निरोप, प्रवासाच्या पावत्या, ज्या कुटुंबांना भेटलो म्हणून लिहिले त्यांचे म्हणणे, हे सगळे साक्षीत धरायला हवे होते. तो नियम निरपराध सेवकाला खोट्या आळापासून वाचवण्यासाठी आहे. चौकशी न करण्याचा परवाना म्हणून तो वापरला गेला.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने स्वतःच उपासनेत उभे राहून ‘साक्ष’ दिली. ‘सैतानाने आमच्या संसारावर हल्ला केला, मी अशक्त ठरलो, पण प्रभूने उचलले.’ लोक रडले, दोघांवर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि पत्नीने सर्वांसमोर ‘क्षमा केली’ असे म्हटले. तिला त्या क्षणी फक्त निरोपांबद्दल माहीत होते. शरीरसंबंधाची गोष्ट तिला अजून कळलीच नव्हती. ज्याची तिला माहितीच नाही त्याची क्षमा तिच्याकडून घेतली गेली, आणि पुढे तिने प्रश्न विचारले की ‘तुम्ही तर क्षमा केली होती’ हे वाक्य तिच्या तोंडावर फेकले जाऊ लागले.

त्या साक्षीत नवऱ्याने स्तोत्र ५१ मधली ओळ म्हटली: तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले आहे. या ओळीचा आसरा घेऊन पत्नीला प्रकरणातून वगळता येते आणि पुष्कळदा वगळले जाते. पण दावीद राजाच्या या स्तोत्राच्या शीर्षकातच नाथान संदेष्ट्याचे येणे आणि उरीयाची बायको बथशेबा हिची गोष्ट आहे. नाथान दावीदाला काय सांगतो ते २ शमुवेल १२ मध्ये पाहावे: उरीयाला तू तलवारीने मारलेस, त्याची बायको घेतलीस. माणसाचे नाव घेऊन, कृत्याचे नाव घेऊन. उरीयाच्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र दावीदाने उरीयाच्याच हाती सेनापती यवाबाकडे पाठवले होते. नाथान आला तेव्हा बथशेबेला दावीदापासून झालेले मूल जन्मलेले होते, म्हणजे मधले कित्येक महिने राजा गप्पच होता.

तीन महिन्यांनी नवरा पुन्हा व्यासपीठावर होता. पाचव्या महिन्यात पत्नीला त्याचा दुसरा मोबाइल नंबर सापडला.

दुसऱ्यांदा

यावेळी पत्नीने थेट मंडळीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहिले. बाहेरून दोघांना बोलावून नवी समिती केली: एक निवृत्त पाळक आणि एक प्रशिक्षित स्त्री समुपदेशक. दोघांचीही नवऱ्याशी ओळख नव्हती, आणि ही अट महत्त्वाची ठरली. पहिल्या समितीत त्याचे दोन जवळचे मित्र बसले होते.

पहिल्या तीन दिवसांत चौघांशी वेगवेगळे बोलणे झाले: पत्नी, नवरा, ती स्त्री आणि पाळक. नवराबायकोला एकत्र बसवले नाही. पत्नीला आधी विचारले ते तिच्या सुरक्षिततेबद्दल: घरात कुठे झोपता, पैसे कोणाच्या हातात आहेत, मारहाण किंवा धमकी झाली आहे का, मुलांना किती माहीत आहे. जोडप्याचे एकत्र समुपदेशन लगेच सुरू करण्याचा आग्रह मंडळ्यांमध्ये फार असतो. खोटे बोलणे चालू असेपर्यंत ते करू नये, कारण तिथे पत्नी स्वतःच्या दुःखाची माहिती देते आणि नवरा ती वापरायला शिकतो.

निलंबन लेखी होते आणि त्यात ‘सर्व सेवेतून’ एवढेच लिहिलेले नव्हते. एकेक गोष्ट नाव घेऊन लिहिली: इमारतीच्या किल्ल्या, बँक खात्यावरील सही, मोबाइल गटांचे व्यवस्थापन, गुरुवारचा अभ्यास, लग्नापूर्वीचा वर्ग, व्यासपीठावरची प्रार्थना, घरभेटी. मुदत मुद्दामच घातली नाही. तीन महिन्यांची मुदत दिली की माणूस पश्चात्तापाऐवजी दिवस मोजतो.

पत्नीला वैद्यकीय तपासणीचे सांगायला निवृत्त पाळकांची जीभ रेटेना, ते समुपदेशक बाईंनी सांगितले. एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या दोघांनीही करायच्या. एचआयव्हीसाठी शिरेतले रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी प्रतिजन-प्रतिपिंड (अँटिजेन-अँटिबॉडी) चाचणी शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर ४५ दिवसांनी विश्वासार्ह धरतात. बोटाला टोचून होणाऱ्या जलद चाचणीसाठी ९० दिवस थांबावे लागते. पहिली चाचणी लगेच करून मुदतीनंतर ती पुन्हा करायची. तोवर शरीरसंबंध नाही. नवऱ्याने १ करिंथकरांस ७:५ काढून ‘एकमेकांपासून दूर राहू नका’ असे म्हटले. त्याच वचनात परस्परांच्या संमतीची गोष्ट आहे, आणि ज्याने करार मोडला त्याने त्याच कराराचे हक्क मागणे कोणत्याही समितीने ऐकून घेऊ नये.

मग लेखी कबुली. या टप्प्यावर घाई केली की सगळे बिघडते. आज थोडे, पुढच्या आठवड्यात थोडे, पकडले गेल्यावर आणखी थोडे, असे सत्य थेंबाथेंबाने बाहेर येते. प्रत्येक थेंबाला पत्नी पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. म्हणून नवऱ्याला दोन आठवडे देऊन एकच संपूर्ण निवेदन लिहायला लावले: संबंध कधी सुरू झाला, कधी थांबला, कुठे भेटी झाल्या, किती पैसे गेले आणि कुठून, कोणाला माहीत होते, कोणकोणत्या खोट्या गोष्टी सांगितल्या, आधी असे कोणाशी झाले होते का, संरक्षणाशिवाय संबंध आला का. शरीराचे तपशील त्यात नकोत, कारण ती चित्रे पत्नीच्या डोक्यातून जात नाहीत. पत्नीने आपले प्रश्न आधी समुपदेशकाकडे दिले. मग एकाच बैठकीत, समुपदेशकासमोर, त्याने ते वाचले. पहिल्या मसुद्यात ‘आमच्याकडून चूक घडली’, ‘परिस्थिती तशी होती’, ‘पत्नीचे लक्ष नव्हते’ अशी वाक्ये होती. ती तीन वेळा परत पाठवली. ‘मी तुला खोटे सांगितले’ हे वाक्य चौथ्या मसुद्यात आले.

पैशांच्या तपासणीत प्रवासखर्चाच्या नोंदी काढल्या. ज्या घरांना भेट दिल्याचे लिहिले होते त्यातल्या काही घरी तो गेलाच नव्हता. ती रक्कम त्याने मंडळीच्या खात्यात परत भरली. लूक १९:८ मधला जकातदार जक्कय लुबाडलेले चौपट परत देतो. इथे समितीने मूळ रक्कमच मागितली, पण ती कोणत्या कारणासाठी परत येते आहे हे हिशेबात लिहून ठेवायला लावले. ‘देणगी’ म्हणून ती स्वीकारली असती तर पुन्हा तोच दानशूर ठरला असता.

मंडळीपुढे वाचलेले निवेदन चार वाक्यांचे होते: अमुक बंधूंनी विवाहाबाहेरचे शारीरिक संबंध ठेवले आणि त्याबद्दल मंडळीशी खोटे बोलले. त्यांना वडीलपदावरून दूर केले आहे. आधीच्या साक्षीत पूर्ण सत्य सांगितले गेले नव्हते आणि ती घेण्यात समितीची चूक झाली. दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीचे नाव शोधू नये. तो स्वतः त्या वेळी व्यासपीठावर नव्हता. वाचले पाळकांनी.

पश्चात्ताप कशावरून पाहायचा यासाठी २ करिंथकरांस ७:१०-११ समोर ठेवले. तिथे देवाच्या इच्छेप्रमाणे होणारे दुःख आणि जगाचे दुःख वेगळे केले आहे, आणि पहिल्याची फळे मोजून सांगितली आहेत: कळकळ, संताप, भय, आवेश आणि इतर. दरमहाच्या बैठकीत साधे प्रश्न असत. पत्नीने काही विचारले तर किती वेळात आणि कोणत्या सुरात उत्तर दिले? न विचारता काय सांगितले? पद परत मिळण्याचा विषय कोणी काढला? पहिले चार महिने तो विषय दर बैठकीत त्यानेच काढला. फोन तपासण्याचे काम पत्नीवर टाकले नाही. ते समितीतल्या एका व्यक्तीकडे होते. बायकोला घरची पोलीस केले की संसार उरत नाही.

एका बैठकीत त्याने योहानाच्या आठव्या अध्यायातले, व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीबद्दलचे, ‘जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा’ हे वचन काढले. तिथे निवृत्त पाळकांनी त्याला थांबवले. लेवीय २०:१० आणि अनुवाद २२:२२ दोन्ही ठिकाणी शिक्षा स्त्री आणि पुरुष दोघांना आहे, पण मंदिरात आणून उभी केली ती एकटी स्त्री. आणणारे धर्मातले मोठे लोक. ‘आपण त्या गोष्टीत कुठे उभे आहात ते आधी पाहा,’ एवढेच ते म्हणाले.

पत्नीपुढे काय होते

क्षमा आणि एकत्र राहणे या दोन गोष्टी तिला वेगळ्या करून सांगाव्या लागल्या, कारण आजवर कोणीच तशा सांगितल्या नव्हत्या. लूक १७:३ मध्ये क्षमेआधी दोष दाखवणे आहे आणि पश्चात्ताप आहे. विश्वास हा त्याहून वेगळा. तो मागून मिळत नाही.

घटस्फोटाबाबत ख्रिस्ती परंपरा एकमताच्या नाहीत, आणि सल्ला देणाऱ्याने ते लपवू नये. मत्तय १९:९ मध्ये घटस्फोटाच्या मनाईला जारकर्माचा (व्यभिचाराचा) अपवाद आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतल्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनिवेदनाप्रमाणे व्यभिचारानंतर निरपराध पक्षाला घटस्फोट आणि पुनर्विवाह दोन्ही मोकळे आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही त्याला वाट आहे. रोमन कॅथलिक चर्चमध्ये १५६३ च्या ट्रेंट परिषदेपासून भूमिका स्पष्ट आहे की व्यभिचाराने विवाहबंधन तुटत नाही. मात्र वेगळे राहण्याचा हक्क तिथेही आहे. १९८३ च्या चर्च कायद्यातल्या ११५२ व्या कलमात निरपराध जोडीदाराने क्षमा करावी अशी कळकळीची शिफारस आहे, तरी ती नाकारून तो सहजीवन थांबवू शकतो. त्यातली मुदत पुष्कळांना माहीत नसते. व्यभिचार कळल्यावरही सहा महिने संसार चालू ठेवला आणि चर्चच्या किंवा नागरी अधिकाऱ्यांकडे दाद मागितली नाही, तर क्षमा केली असे गृहीत धरतात. स्वतः वेगळे झाल्यास सहा महिन्यांच्या आत प्रकरण चर्चच्या अधिकाऱ्यांकडे न्यावे लागते. ‘थांबा, प्रार्थना करा’ असे सांगणारा पाळक त्या घड्याळाकडे पाहत नसतो.

ही मंडळी प्रॉटेस्टंट होती. पत्नीने वर्षभर वेगळे राहणे निवडले, मुलांसह, आणि खर्चाचा लेखी करार करून. वर्षाअखेरीस तिने आणखी एक वर्ष मागितले. समितीने कारण विचारले नाही.

ती स्त्री

पहिल्या समितीने तिला गायकवृंदातून काढले आणि प्रकरण मिटले असे मानले. दुसऱ्यांदा नोंद वेगळी झाली. ती सल्ला मागायला आलेली होती, तो सल्ला देण्याच्या जागेवर होता. तिचा दोष तिने स्वतः मान्य केला, पण दोघांचा दोष सारखा धरणे खोटे ठरले असते. याकोब ३:१ प्रमाणे शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होतो. तिच्यासाठी वेगळी समुपदेशक, दुसऱ्या मंडळीची ओळख, आणि नवऱ्याकडून तीन ओळींचे संपर्क तोडणारे पत्र, जे समितीने वाचून पाठवले. त्यात निरोपाची भावुक भाषा नव्हती. पहिल्या मसुद्यात ती होती.

पद, आणि ती जोडपी

११ व्या महिन्यात तो प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला) बसला. मेजावर परत येणे आणि पदावर परत येणे यांची गल्लत समितीने होऊ दिली नाही. २ करिंथकरांस २:७ मध्ये दुःखाने माणूस गिळून जाऊ नये म्हणून क्षमा करा असे आहे. १ तीमथ्य ३ मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, अदूष्य (निर्दोष) असावा, त्याने आपले घर नीट चालवावे आणि बाहेरच्यांतही त्याचे नाव चांगले असावे असे आहे. पहिल्या वचनाने दुसरे रद्द होत नाही. वडीलपद त्याला परत दिले नाही, आणि पुढे कधी विचार होईल असे आश्वासनही दिले नाही.

शेवटचा प्रश्न अनपेक्षित ठिकाणाहून आला. त्या १४ महिन्यांत त्याने तीन तुकड्यांना लग्नाआधीचा वर्ग शिकवला होता. त्यातल्या एका जोडप्याने विचारले, आमची तयारी, आमच्यासाठी त्याने केलेली प्रार्थना, हे सगळे बाद का? हा वाद चौथ्या आणि पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट नावाच्या ख्रिस्ती गटाने उभा केला होता, आणि बिशप ऑगस्टीनचे उत्तर होते की संस्कार ख्रिस्ताचा आहे, तो देणाऱ्याच्या पापाने निष्फळ होत नाही. अँग्लिकन चर्चच्या श्रद्धेच्या एकोणचाळीस कलमांतले २६ वे कलम हेच सांगते, आणि लगेच पुढे दुष्ट सेवकांची चौकशी करून दोषी ठरलेल्यांना दूर करावे असेही सांगते. त्या जोडप्याला हेच कळवले. विवाह वैध आहे, तुम्ही घेतलेली वचने तुमची आहेत. वर्गातले दोन आठवडे, निष्ठेवरचा आणि एकमेकांशी खरे बोलण्यावरचा, हवे असल्यास एका विवाहित जोडप्याकडून पुन्हा घेता येतील. तीनही तुकड्यांतून पाच जोडपी आली.